नाही म्हणणारी गाडी

पिवळी गाडी पुन्हा रुतली, आणि या वेळी पार हँडलपर्यंत. श्रीरंग इनामदार खाली उतरला तसा स्वतःही कमरेपर्यंत बर्फात गेला. हेल्मेटची काच वर करून त्यानं थोडा दम खाल्ला आणि पाठीवरचं फावडं काढलं.

थोड्या अंतरावर विभावरी गावंडे निळ्या गाडीवर बसून होती. निळी त्याच चढावरून त्याच वेगानं आली होती आणि रुतली नव्हती. मदतीला उतरावं की नाही याचा विचार करण्यातच तिचा थोडा वेळ गेला. उतरायचं म्हणजे गुडघे दुमडायचे, आणि तिचे गुडघे सकाळपासून बोलत होते.

"टर्बोनं उशीर केला?" तिनं हेल्मेटमधल्या वायरलेसवर विचारलं.

"अर्धा सेकंद. पण अर्धा सेकंदही पुरतो." तो खणता खणता म्हणाला. "तू बस. मी काढतो."

ती बसली नाही, उतरली. दोघांनी मिळून बर्फ उपसला. बारा हिवाळे हे नवराबायको हेच करत आले होते. लग्नानंतर दोघं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ट्रॅक्टरच्या इंजिनांवर काम करायचे. ती अकोल्याची, तो साताऱ्याचा. दोघांनीही तिशीपर्यंत बर्फ पाहिला होता तो रसवंतीत. मग एका कामासाठी लाहौलच्या खोऱ्यात आले आणि इथलेच झाले. उंच डोंगरावरच्या बर्फात चालणाऱ्या स्नोमोबाइल तपासायच्या, एकीची दुसरीशी तुलना करायची आणि विकत घेणाऱ्यांना सांगायचं, ही घ्या, ती नको. त्यांच्या शब्दाला वजन होतं. शरीरं मात्र थकत चालली होती.

या वेळचं काम मोठं होतं. खोऱ्यातल्या सगळ्या बचाव चौक्यांसाठी एकाच प्रकारच्या गाड्या घ्यायच्या होत्या. दोन गाड्या शेवटपर्यंत टिकल्या होत्या, आणि दोन्हींचेही टर्बो उत्तम होते.

शांगो गावाच्या माथ्यावर हवा विरळ आहे. समुद्रकाठी इंजिन एका श्वासात जितका प्राणवायू ओढतं, त्याच्या साठेक टक्के इथं मिळतो. गाडीची ताकदही तेवढीच उरते. टर्बो ही तूट भरून काढतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या झोतावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. अडचण एवढीच की झोत वाढल्याशिवाय चक्र वेग घेत नाही आणि चक्रानं वेग घेतल्याशिवाय ताकद येत नाही. रस्त्यावर हा विलंब जाणवतही नाही. पिठूळ, ताज्या, खोल बर्फात मात्र गाडी होडीसारखी तरंगत असते. मागचा पट्टा जोरात फिरत राहिला तरच ती वर राहते. जरा उशीर झाला की पट्टा खाली चर खणतो आणि गाडी आपल्याच चरात बसते.

निळीनं हा प्रश्न सोडवला होता. तिच्या नाकात रडार होतं. पुढचा बर्फ किती मऊ हे ते आधीच बघायचं आणि चालवणाऱ्याचा अंगठा थ्रॉटलवर दाबला जायच्या आत एक छोटी विजेची मोटर चक्राला वेग द्यायची. पिवळीत यातलं काही नव्हतं. पण ती हलकी होती, साधी होती, आणि बिघडली तर शांगोतला कोणीही माणूस पाना घेऊन ती दुरुस्त करू शकत होता. चौकीवर काम करणाऱ्यांना हे फार मोलाचं वाटायचं.

निळीकडे आणखी एक गोष्ट होती. तिला कान होते.

अलीकडे हिवाळ्याची तऱ्हा बदलली होती. नोव्हेंबरात थोडा बर्फ पडायचा आणि मग कित्येक आठवडे कोरडं, निरभ्र आकाश. खाली जमीन उबदार, वर हवा गोठवणारी. मधल्या पातळ थरातून वाफ वर सरकत राहायची आणि बर्फाचे कण साखरेसारखे मोठे, सुटे व्हायचे. नुसत्या साखरेचा लाडू वळत नाही, तसे हे कण एकमेकांना धरत नाहीत. जानेवारीत एकाच वादळात छातीभर बर्फ त्यावर येऊन बसायचा. वरून सगळं शांत, सुंदर. आत मात्र सगळा डोंगर साखरेवर उभा. त्यावर गाडीचं वजन पडलं की एक तडा सुटतो, वाऱ्यासारखा पसरतो आणि पूर्ण उतरण खाली येते.

हे दाणे मोडताना अगदी बारीक आवाज होतो, माणसाच्या कानाच्या पलीकडचा. निळीच्या पुढच्या दोन्ही घसरपट्ट्यांत, म्हणजे स्कींत, काचेचे धागे होते, ते हा आवाज टिपायचे. हजारो उतरणींवरून शिकवलेली तिची गणनयंत्रणा मग ठरवायची. धोका ठराविक हद्दीपलीकडे गेला की थ्रॉटल मरायचा. मागे वळायला मुभा, पुढे जायला नाही. हा निर्णय फिरवायला बटण नव्हतं. आधीच्या नमुन्यात ते होतं. चाचणीत ज्यानं त्यानं ते दाबलं. विभावरीनंही दाबलं होतं.

श्रीरंगला ही गोष्ट मुळीच पटत नव्हती.

"परवा त्या ओढ्याकाठी अडून बसली," तो चर बुजवता बुजवता म्हणाला. "साधी उतरण. चौकीवरच्या अंगरूपची म्हातारी आई चालत गेली असती."

"तुला कसं माहीत साधी होती ते?"

"बारा वर्षं बघतोय मी."

"बारा वर्षांपूर्वी बर्फ असा पडत नव्हता."

त्यानं फावडं पाठीवर टाकलं. वाद नवा नव्हता. नवा असता तर कदाचित दोघं पुढे बोलले असते.

*

तिंगरोहून वायरलेस आला तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी. तिंगरो म्हणजे शांगोच्या पलीकडचं वीसेक घरांचं गाव. चौकीचा प्रमुख अंगरूप, साठीला आलेला शांत माणूस, ताटावरून उठून त्यांच्याकडे आला.

"सर, यांगचेन म्हणून बाई आहे. पहाटे बाळंत झाली. रक्त थांबत नाही. डॉक्टर केलाँगहून बोलताहेत, पण औषध तिथं नाही आणि वाळवलेलं रक्तद्रव्यही नाही. आपल्याकडे दोन्ही आहे."

"ड्रोन?" विभावरीनं विचारलं.

"पंख्यांवर बर्फ धरतो या वाऱ्यात. या आठवड्यात दोन पडले. हेलिकॉप्टर ढगात येणार नाही."

"आणि नदीची वाट?"

"दरड आलीय तिथं. बर्फाचीच. वरच्या उतरणीवरूनच जावं लागेल."

दोघं दोन्ही गाड्या घेऊन निघाले. असंच जायचं असतं, एकानं उतरण ओलांडायची आणि दुसऱ्यानं काठावरून बघायचं. औषधांची पिशवी निळीवर होती, कारण निळी बर्फात जास्त भरवशाची.

उतरणीच्या काठावर निळी थांबली. पडद्यावर तांबडी पट्टी आली आणि इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. विभावरीनं थोडं मागे घेऊन वरच्या अंगानं जाऊन पाहिलं. तिथंही नाही. खालून पाहिलं. नाही.

श्रीरंग शेजारी येऊन उभा राहिला. उतरण समोर पसरलेली होती, एकसारखी पांढरी, वर वाऱ्यानं उडणारी बर्फाची धूळ. पलीकडच्या खडकाच्या सोंडेमागे तिंगरो होतं.

"पिशवी दे," तो म्हणाला.

"श्रीरंग, पडद्याकडे एकदा बघ."

"बघितलं. तिकडे बाई मरतेय, विभा."

तिनं पिशवी दिली. नाही म्हणण्यासारखं खूप होतं, पण ते बोलायला लागणारा जोर तिला सापडला नाही. त्यानं पिशवी छातीशी बांधली, पिवळीचा टर्बो दोनदा मोकळा फिरवला आणि निघाला.

चालवायचा मात्र सुरेख. गाडी एका अंगावर कलती धरून, वजन डोंगराच्या बाजूला टाकून, थ्रॉटल क्षणभरही न सोडता तो गेला. मागे बर्फाचा पिसारा उठत होता. विभावरी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. काचेच्या धाग्यांना बर्फातून येणारे तडे ऐकू येत होते आणि प्रत्येक तडा पडद्यावर एक टोकदार रेघ होऊन उमटत होता. मधोमध तो पोचला तेव्हा रेघा एकमेकींना चिकटल्या. मग एक लांबलचक, जाड रेघ. तिच्या बुटांखालची जमीन किंचित खाली बसल्यासारखी वाटली.

तिनं मान वर केली तेव्हा तो सोंडेपाशी पोचला होता आणि हात हलवत होता. उतरण जागच्या जागी होती.

ती तिथंच थांबली. थर्मासमधला चहा संपला. बऱ्याच वेळानं वायरलेस खरखरला.

"रक्त थांबलंय." त्याचा आवाज कित्येक वर्षांत इतका मोकळा तिनं ऐकला नव्हता. "डॉक्टर म्हणाले, बाई वाचेल. मुलगी आहे. मी निघतोय."

"निघू नकोस."

"ढग उतरताहेत. आत्ता नाही निघालो तर चार दिवस इथं अडकेन."

"अडक. तू मधोमध होतास तेव्हा सगळा थर खाली बसला. मला पायांना जाणवलं."

"पण आली नाही ना खाली?"

"आली नाही म्हणजे येणार नाही असं नसतं."

"हे तुझी गाडी बोलतेय."

"श्रीरंग, मी बोलतेय."

वायरलेस चालूच होता. मागे कुणीतरी हसत होतं, बहुधा बाळाचं कौतुक चाललं होतं.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टाही होती आणि रागही होता. "थांबतो. एका अटीवर. अहवालात पिवळी लिहायची."

वाऱ्यात विभावरीचे डोळे पाणावले होते. उतरण तिच्यासमोर होती आणि त्याला ती परत ओलांडायची होती, याखेरीज तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

"लिहीन," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द. तू आज निघू नकोस."

*

पाचव्या दिवशी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टरनं त्याला आणून सोडलं. उतरण तशीच उभी होती. पुढच्या आठवड्यात आणखी बर्फ पडला, तोही तिनं झेलला. मार्च गेला, एप्रिल गेला. मेमध्ये ती मुकाट वितळून नदीला मिळाली.

विभावरीनं अहवाल त्याआधीच पाठवला होता. त्यात खोटं काही नव्हतं. पिवळीचं कमी वजन, सोपी दुरुस्ती, चौकीवरच्या माणसांची पसंती, आणि चाचणीच्या काळात त्या गाडीनं वाचवलेला एक जीव. निळीच्या कानांनी काय ऐकलं ते शेवटच्या परिशिष्टात होतं. शिफारस पिवळीची होती.

पाठवण्याआधी तिनं तो श्रीरंगसमोर ठेवला. त्यानं शेवटचं पान वाचलं.

"मी तेव्हा चिडून बोललो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"तू थांबलास की."

त्यानं शिफारस बदल असं म्हटलं नाही. ती वाट बघत होती की काय, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. तिला वाटत होतं तो बरोबर असेलही. गाडीला कान नसले तरी माणूस बघेल, ठरवेल. शतकानुशतकं डोंगरात हेच चालत आलं होतं. पण तिला हेही माहीत होतं की समोर मरणारं माणूस असताना जाऊ नकोस असं म्हणणं फार थोड्यांना जमतं. तिला स्वतःला जमलं नव्हतं. तिनं पिशवी काढून दिली होती.

खरेदी समितीनं पिवळ्या गाड्या घेतल्या. श्रीरंगला शांगोच्या चौकीवर चालकांना शिकवायचं काम मिळालं आणि विभावरीकडे इंजिनांची देखभाल आली. निळी चाचणीनंतर कंपनीकडे परत गेली.

शिकवायला सुरुवात केल्यावर श्रीरंगची अडचण झाली. कसं चालवायचं हे तो उत्तम सांगायचा. वजन कुठं टाकायचं, थ्रॉटल कधी धरायचा, रुतली तर आधी काय मोकळं करायचं. चौकीची सर्वांत चांगली चालक डोल्मा, तीस-बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. तिनं एकदा विचारलं, "सर, कधी जायचं नाही ते कसं ओळखायचं?" तो बराच वेळ उतारांचे कोन आणि वाऱ्याची दिशा सांगत राहिला. डोल्मा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण तुम्ही तर गेला होतात."

एका दुपारी तो गॅरेजमध्ये आला. विभावरी टर्बोच्या दांड्याचं बेअरिंग बदलत होती.

"त्या दिवसाचा आवाज आहे का तुझ्याकडे? निळीनं टिपलेला?"

"आहे."

"ऐकव."

माणसाला ऐकू येईल असा करून तिनं तो लावला. आधी नुसती सरसर. मग तडतड सुरू झाली, अकोल्याकडे मार्चमध्ये उन्हात वाळलेल्या तुरीच्या शेंगा फुटतात तशी. एक, मग दोन, मग ओंजळभर एकदम. मागे कुठंतरी लांब पिवळीचं इंजिन. तडतड दाट होत गेली आणि मग तिच्या खालून एक हुंकार आला, लांब, जड, झोपलेल्या म्हशीनं कूस बदलावी तसा. त्यानंतर काहीच नाही. वारा.

श्रीरंग लाकडी खोक्यावर बसून होता. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"हा शेवटचा आवाज आला तेव्हा मी कुठं होतो?"

"मधोमध."

"आणि तू काठावरून बघत होतीस."

"हो."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. तिच्या हातातलं बेअरिंग घेऊन त्यानं ते फडक्यानं पुसलं आणि जागेवर बसवून दिलं. तेवढंच.

*

पुढच्या जानेवारीत वादळ आलं ते गेल्या वर्षीपेक्षा मोठं. त्याआधी कोरडे आठवडेही जास्त गेले होते. वादळ ओसरायच्या सकाळी तिंगरोहून वायरलेस आला. तोबदेन नावाचा माणूस बोलत होता. त्याची बायको छिमी दोन दिवस पोटदुखीनं तळमळत होती, आता ताप चढला होता आणि पोट दगडासारखं झालं होतं. आतलं आतडं फुटलं असावं असं केलाँगच्या डॉक्टरांचं म्हणणं. शिरेतून द्यायची औषधं लगेच मिळाली तर हेलिकॉप्टर येईपर्यंत ती तग धरेल, नाहीतर सांगता येत नाही. खाली केलाँगवर अजून ढग होते, हेलिकॉप्टर दोन दिवस तरी उडणार नव्हतं, आणि वरच्या वाऱ्यात ड्रोनही टिकत नव्हता.

अंगरूपनं हे सगळं सांगितलं, नदीची वाट पुन्हा दरडीखाली गेलीय म्हणाला आणि श्रीरंगकडे बघितलं. डोल्मानं बूट चढवायला घेतले होते.

"सर, मी जाते."

"थांब."

तिघं उतरणीच्या काठापर्यंत गेले, श्रीरंग, डोल्मा आणि विभावरी. ऊन पडलं होतं. इतका स्वच्छ, इतका मऊ, न मोडलेला बर्फ विभावरीनं क्वचित पाहिला होता. श्रीरंगनं काठाशी खड्डा खणला. तळाशी हात घातला आणि मूठ भरून वर आणली. दाणे बोटांतून साखरेसारखे घरंगळले.

"मी जातो," तो म्हणाला. "डोल्माला मुलं आहेत."

मग तो विभावरीकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "तू नाही म्हण."

"मी का?"

"गेल्या वर्षी म्हणाली होतीस."

"तेव्हा तू ऐकायला किंमत मागितलीस, श्रीरंग." तिचा आवाज चढला नाही. "आता माझ्याकडे द्यायला काही नाही. तुला जायचं तर जा. मी इथं उभी राहीन. पण तुझ्या वतीनं मी ठरवणार नाही."

तो पिवळीवर बसला. इंजिन चालू केलं. टर्बोची शीळ चढली, उतरली, पुन्हा चढली. गाडी जायला तयार होती. तिला काहीच म्हणायचं नव्हतं. तो समोर बघत राहिला. विभावरीला दिसलं की त्याचा अंगठा थ्रॉटलवर आहे आणि तो दाबत नाही.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

"नाही," तो डोल्माला म्हणाला. "कुणीच जायचं नाही इथून."

"सर, तोबदेनला काय सांगू?"

"मी सांगतो. आणि आम्ही माथ्यावरून चालत येतोय म्हणून सांगतो."

माथ्यावरची वाट खडकाची होती, वाऱ्यानं बर्फ उडून गेलेली, म्हणून सुरक्षित. पण लांब. बर्फावर चालायचे बूट, दोऱ्या, मधे गुहेत मुक्काम. धडधाकट माणसालाही दुसऱ्या दिवसाची दुपार होते. डोल्मा आणि अंगरूपनं चौकी सोडून चालणार नव्हतं, कारण खोऱ्यात इतर गावंही होती. विभावरीनं औषधांच्या दोन पिशव्या केल्या. तिचे गुडघे बघून श्रीरंगनं विचारलं, "जमेल?"

"बघू."

*

ते चालत राहिले. चढावर बोलायला श्वास नव्हता, सपाटीवर बोलायला मन नव्हतं. मधे दोनदा वायरलेसवर तोबदेनशी बोलणं झालं. पहिल्या वेळी तो म्हणाला, छिमी बोलतेय. दुसऱ्या वेळी म्हणाला, झोपलीय. गुहेत त्यांनी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपायचा प्रयत्न केला.

सकाळी खाली ती उतरण पूर्ण दिसू लागली. तशीच होती. एक रेघही तिच्यावर नव्हती.

"आली नाही," श्रीरंग म्हणाला.

"हं."

"गेलो असतो तर कदाचित पोचलो असतो."

"कदाचित."

तो थोडा चालला. "निळी असती तर?"

"तीही नाहीच म्हणाली असती."

"मग फरक काय पडला असता?"

विभावरीनं काठी रोवून श्वास घेतला. "आपण आत्ता शांगोत चहा पीत बसलो असतो. गाडीनं नाही म्हटलं, म्हणून."

तो हसला नाही. पण पुढच्या घसरणीवर त्यानं तिच्यासाठी हात मागे धरला आणि खाली पोचेपर्यंत सोडला नाही.

तिंगरोच्या पहिल्या घरांपाशी त्यांना कळलं. छपरावर माणसं उभी होती आणि कुणी हाका मारत नव्हतं. छिमी पहाटे गेली होती.

तोबदेनच्या घरात चुलीशेजारी शेजारपाजारची बायकामाणसं बसली होती. आतल्या खोलीत लोण्याचा दिवा लावला होता. तोबदेन चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. तो उठून पुढे आला आणि त्यांच्या बर्फानं माखलेल्या बुटांकडे बघत राहिला.

"चालत आलात," तो हिंदीत म्हणाला.

"हो," श्रीरंग म्हणाला.

"गेल्या वर्षी यांगचेनसाठी गाडीनं आला होतात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं."

"हो."

"गाडी बिघडली होती का?"

तो हे दोष द्यायला विचारत नव्हता, हे विभावरीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याला हो ऐकायचं होतं. गाडी बिघडली असती तर त्याला ते पचवता आलं असतं. बिघडलेल्या गाडीवर कुणी रागवत नाही, आणि गेलेल्या माणसाची आठवण आली की दोष द्यायला दुसरा माणूस उरत नाही. तिच्याही तोंडाशी हो आलं होतं. तिनं बोलायला सुरुवात केली, "आम्ही..."

"गाडी चांगली होती," श्रीरंग म्हणाला. "मी नाही म्हणालो. उतरण सुटेल असं मला वाटलं. ती सुटली नाही."

चुलीवरचं पाणी खदखदत होतं. तोबदेननं त्याच्याकडे बघितलं. श्रीरंगनं नजर खाली घातली नाही. पाठीवरची पिशवी अजून त्याच्या खांद्यावर होती.

शेवटी तोबदेन बाजूला झाला. चुलीजवळच्या दोन माणसांनी सरकून जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "उद्या सकाळी तिला न्यायचं आहे. लाकडं वरच्या गोठ्यातून आणावी लागतील. गावातली धडधाकट माणसं खाली कुल्लूला गेलीत."

श्रीरंगनं पिशवी उतरवून भिंतीशी ठेवली.

"गोठा कुठं आहे?" त्यानं विचारलं.

तोबदेननं दोर उचलला आणि दार उघडलं. श्रीरंग त्याच्यामागून बाहेर पडला. विभावरी थोडा वेळ चुलीकडे बघत बसली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आतल्या खोलीत, बायका छिमीचे केस विंचरत होत्या तिथं, जाऊन बसली.